पोट साफ व्हायची गोळी मागताना घरातली औषधांची पिशवी सोबत आणा

काउंटरपलीकडून (१२ जून, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, १९ वर्षं झाली काउंटरला उभी आहे. बीपी, साखर, ताप सगळं माणूस मोठ्यानं सांगतो. पण पोटाचं काही मागायचं असलं की आधी शेजारचं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतो, मग वाकून हळूच म्हणतो, "ते जरा... पोट साफ व्हायचं द्या." आपण स्ट्रिप कापून देतो, तो खिशात घालून निघून जातो. कुणी काही विचारत नाही, कुणी काही सांगत नाही.

आमच्या गावातल्या एक मावशी आहेत, वय ६६. दीड वर्षं माझ्याकडूनच बिसाकोडिलच्या गोळ्या न्यायच्या. सुरुवातीला दहा गोळ्या महिनाभर पुरायच्या, मग पंधरा दिवस, आणि गेल्या महिन्यात म्हणाल्या "आता दोन घेतल्याशिवाय होतच नाही गं". दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. म्हटलं मावशी, घरात जेवढ्या गोळ्या चालू आहेत तेवढ्या सगळ्या एका पिशवीत घालून आणा. संध्याकाळी आणली.

बीपीला व्हेरापामिल. हाडांसाठी कॅल्शियम कार्बोनेट. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी. पायाची जळजळ होते म्हणून रात्री ॲमिट्रिप्टिलिन. आणि जळजळ-आंबट ढेकरांसाठी ॲल्युमिनियमवालं पातळ औषध, ते तर कुणीच लिहून दिलेलं नव्हतं. तीन डॉक्टर, एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. मंडळी, ह्या पाचही औषधांनी बद्धकोष्ठ होतं. पाचही. आणि त्यांनी केलेलं निस्तरायला सहावं औषध मी देत होते, दीड वर्षं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मी कुठलीच गोळी बंद करायला सांगितली नाही, तो माझा अधिकार नाही. एका कागदावर पाचही नावं लिहिली, प्रत्येकापुढे "पोट घट्ट करते" असं लिहिलं आणि म्हटलं हा कागद तुमच्या बीपीच्या डॉक्टरांना दाखवा.

तर प्रश्न असा की तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी पोट साफ होण्यासाठी रोज काही घेतं का? काय, किती दिवसांपासून, आणि बाकी कुठली औषधं चालू आहेत? ती सगळी एकत्र कधी कुणाला दाखवलीत का?

सह्यकडा (१२ जून, रात्री १०:४०)

आमचे दादा (वडील), वय ७४, रोज रात्री इसबगोल, मला कळतंय तेव्हापासून. ठणठणीत आहेत, रोज सकाळी टेकडी चढतात. इसबगोलला औषध म्हणायचं का पण? तो तर भुसा आहे.

राधिका_पुणे (१२ जून, रात्री १०:५२)

मला मुळात हे विचारायचंय की रोज झालंच पाहिजे हा नियम कुणी केला? आमच्या सासूबाई एक दिवस चुकला की दिवसभर चेहरा पाडून बसतात, जेवत नाहीत, "वरचं खाली गेल्याशिवाय वरून कसं घालू" म्हणतात. मग जेवत नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशीही होत नाही.

काउंटरपलीकडून (१२ जून, रात्री ११:२०)

@राधिका, दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, ह्यातलं काहीही नॉर्मल असू शकतं, ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. किती वेळा झालं ह्यापेक्षा कसं झालं ते बघायचं. कुंथावं लागतं का, खडा होतो का, जाऊन आल्यावरही अर्धं राहिल्यासारखं वाटतं का. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली ह्याचा सात चित्रांचा एक तक्ता छापला, आजही जगभर तोच वापरतात. पहिला प्रकार शेळीच्या लेंड्या, दुसरा गाठीगाठींचा लांबट, तिसरा वरून भेगा पडलेला, चौथा केळ्यासारखा मऊ गुळगुळीत, मग सैल होत होत सातवा म्हणजे नुसतं पाणी. पहिला-दुसरा असेल तर बद्धकोष्ठ. तिसरा-चौथा असेल आणि एखादा दिवस चुकला तर सासूबाईंना पोटभर जेवू द्या. खाल्लं नाही तर बाहेर यायला आत काही नसतंच की.

@सह्यकडा, इसबगोल म्हणजे बियांवरचं टरफल. उत्तर गुजरात आणि राजस्थानात भरपूर पिकतं, उंझ्याचा बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. चांगली गोष्ट आहे, पण औषधच आहे. पाणी शोषून फुगतं आणि मळाला आकारमान देतं, म्हणून एक मोठा ग्लासभर पाणी सोबत हवंच आणि कालवल्यावर लगेच प्यायचं. घोटभर पाण्यात घेतलं तर तेच घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं, वयस्कर माणसांत तर जास्तच. आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. इतर औषधं त्याच्या दोन तास आधी किंवा नंतर, नाहीतर ती त्या गोळ्यात गुरफटून नीट लागू पडत नाहीत. दादा कसं घेतात ते एकदा बघा, आणि त्यांची पिशवीही बघा.

खादाड_भाऊ (१२ जून, रात्री ११:३१)

शेळीच्या लेंड्यांपर्यंत पोचलो आणि ताट बाजूला सरकवलं. पण वाचत राहणार, विषय महत्त्वाचा आहे.

मंगलाताई (१३ जून, सकाळी ७:१०)

बद्धकोष्ठ म्हटलं की मला एरंडेल आठवतं. आम्ही सात चुलत भावंडं, वार्षिक परीक्षा संपली की पुढच्या रविवारी पहाटे आजी सुंठेचा काढा उकळायची आणि त्यात प्रत्येकाला दोन दोन चमचे. नाक दाबून प्यायचं, वर गुळाचा खडा. माझा धाकटा भाऊ माळ्यावर पोत्यांमागे लपला होता एकदा, आजीनं खालून नुसतं "आंबा कापलाय रे" म्हटलं आणि पठ्ठ्या उतरला! परसात संडास एक आणि आम्ही सात, डबा घेऊन रांग, आणि पहिला आत गेला की बाहेरचे सहा जण ओरडायचे. दुपारी मऊभात-मेतकूट-तूप खाऊन सगळे गाढ झोपायचो. आजी म्हणायची वर्षाची घाण गेली. खरंच जाते का हो?

काउंटरपलीकडून (१३ जून, सकाळी ९:०५)

ताई, वाचून मजा आली :) वर्षाची घाण अशी काही साठलेली नसते, आतड्याचं अस्तरच दर थोड्या दिवसांनी नवं होत असतं. एरंडेलाचं लहान आतड्यात रिसिनोलेइक ॲसिड होतं आणि ते आतड्याला चाळवतं, म्हणून दोन ते सहा तासांत धावाधाव. नेहमीच्या बद्धकोष्ठाला ते फार कडक आहे, आणि गरोदर बाईला अजिबात द्यायचं नाही, गर्भाशयालाही कळा येऊ शकतात. आजही "नववा लागलाय, सुटका लवकर व्हावी म्हणून थोडं दे" असं मागायला येतात लोक. मी देत नाही.

विजू_नाशिक (१३ जून, सकाळी १०:३०)

मी ह्या केमिकल गोळ्यांच्या वाटेला जातच नाही. १२ वर्षं झाली, रात्री एक चमचा चूर्ण कोमट पाण्यातून. आयुर्वेदिक, नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य.

काउंटरपलीकडून (१३ जून, दुपारी १:१५)

विजूदादा, डबा हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. सोनामुखी, स्वर्णपत्री किंवा सनाय लिहिलंय का?

विजू_नाशिक (१३ जून, दुपारी १:४०)

सोनामुखी आहे. सगळ्यात वरती. सैंधवही आहे आणि सज्जीखार. का?

काउंटरपलीकडून (१३ जून, दुपारी २:३०)

सोनामुखीतलं काम करणारं द्रव्य म्हणजे सेनोसाइड, आणि तेच काढून केलेल्या गोळ्या माझ्या फळीवर आहेत. मोठ्या आतड्यातले जंतू ते फोडतात आणि मग ते आतड्याला ढकलतं, म्हणून रात्री घेतलं की सकाळी होतं. म्हणजे तुम्ही १२ वर्षं तीच गोळी चमच्यानं घेताय, फक्त किती मिलिग्रॅम ते माहीत नाही. घाबरू नका, पण "नैसर्गिक" म्हणून दोनाचे तीन चमचे करू नका. आणि बीपी असेल तर त्यातलं मीठ आणि खार मोजायला हवा. बीपी आहे का?

विजू_नाशिक (१३ जून, दुपारी २:४१)

आहे. ह्या बाजूनं कधी विचारच केला नव्हता. डॉक्टरांना विचारतो.

वैद्य_प्राची (१३ जून, संध्या. ६:००)

चर्चा चांगली चालली आहे, पण प्रत्येक चूर्ण म्हणजे सोनामुखी असं होऊ देऊ नका. त्रिफळा वेगळी, नुसता हिरडा वेगळा. एरंडेलही नीट मात्रेत, नीट माणसाला दिलं तर उत्तम काम करतं, "फार कडक" हे सरसकट विधान मला मान्य नाही. आम्ही आधी कोष्ठ, म्हणजे माणसाच्या आतड्यांचा स्वभाव बघतो, मृदू, मध्यम की क्रूर. मृदू कोष्ठाला दूध-मनुकांनीही भागतं, क्रूर कोष्ठाला एरंडेलही पुरत नाही. चूक औषधाची नसते, सगळ्यांना एकच डबा देण्याची असते.

आणि एक मुद्दा कुणीच काढला नाही, वेगधारण, म्हणजे लागलेली अडवून धरणं. आयुर्वेदात न अडवण्याचे १३ वेग सांगितलेत, त्यात मळाचा वेग आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या बायकांना मी विचारते, लागली की लगेच जाता का? उत्तर ठरलेलं, "आधी डबे, मग पोरांची शाळा, मग बघू."

काउंटरपलीकडून (१३ जून, संध्या. ६:४५)

प्राचीताई, तपासून मात्रेत देणाऱ्या वैद्यांबद्दल माझी तक्रार नाही. माझ्यापुढे येतो तो टीव्हीवर जाहिरात बघून आलेला माणूस असतो, त्याला कोष्ठ कुणी विचारलेलं नसतं. म्हणून मी कडक बोलते. वेगधारणाचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के. मोठं आतडं पाणी ओढत राहतं, मळ जितका वेळ थांबेल तितका वाळत जातो. खाल्लं-प्यायलं की आतड्याला हलायचा निरोप जातो, तो सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर सगळ्यात जोरात असतो आणि नेमकी तीच वेळ घरातल्या बाईच्या नशिबी नसते.

लोकलवाली (१३ जून, रात्री ९:५०)

वैद्यताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडते. त्या वेळी लागतच नाही, लागते ती नेमकी गाडीत, कुर्ल्याच्या आसपास. ऑफिस आहे तिथे मजल्यावर बायकांसाठी एक टॉयलेट, कडी नीट लागत नाही, पाणी येतं-जातं. म्हणून मी पाणीच पीत नाही सकाळपासून, संध्याकाळी घरी पोचेपर्यंत दोन-तीन घोट. सात वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी फिशर झालं, म्हणजे गुदद्वाराला चीर पडली, संडासात बसून रडायचे, काच फिरवल्यासारखं दुखतं. डॉक्टर म्हणाले पाणी प्या, पालेभाज्या खा. खाईन हो, पण जाऊ कुठे?

राधिका_पुणे (१३ जून, रात्री १०:०२)

लोकलवाली, एक घट्ट मिठी. बँकेत कॅशला होते तेव्हा माझंही हेच होतं.

गस्तवाला (१३ जून, रात्री १०:२०)

बायको ट्रॅफिक पोलिसात आहे. ड्युटीवर पाणी पीत नाहीत त्या सगळ्याच, चौकात जाणार कुठे. उन्हाळ्यात मूत्रमार्गाचं इन्फेक्शन आणि बद्धकोष्ठ दोन्ही ठरलेलं.

काउंटरपलीकडून (१३ जून, रात्री ११:००)

लोकलवाली, तुमचा प्रश्न गोळीनं सुटणारा नाही हे आधी कबूल करते. तो टॉयलेटचा आहे आणि तो ऑफिसनंच सोडवायला हवा, चारजणी मिळून लेखी द्या. तोपर्यंत एक करता येईल. तुमची मोकळी वेळ संध्याकाळची आहे ना, मग आतड्याला तीच सवय लावू. घरी पोचल्यावर पाणी, काहीतरी गरम खाणं, आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी रोज दहा मिनिटं बसायचं, लागो न लागो, कुंथायचं नाही. सकाळीच झालं पाहिजे असं काही नाही. फिशर होऊन गेलंय तर मळ मऊ ठेवणं हेच खरं औषध, त्यासाठी मॅक्रोगोल म्हणजे पेगची पावडर चांगली. ती पाणी आतड्यात धरून ठेवते. डॉक्टरांना विचारून घ्या, रोज १७ ग्रॅम एका ग्लासभर पाण्यात, संध्याकाळीच.

तुषार_ठाणे (१४ जून, सकाळी ८:२०)

पण असली औषधं रोज घेतली की आतडी आळशी होतात ना? मग त्यांच्याशिवाय होतच नाही. मला हे एका डॉक्टरनीच सांगितलं होतं.

जर्सीकर (१४ जून, सकाळी ८:५५)

इकडे अमेरिकेत पेगची पावडर चिठ्ठीशिवाय फळीवरच मिळते, आई इथे आली की रोज घेते. फार्मसीत गेलं की काउंटरवरची मुलगी स्वतःहून विचारते, आणखी काय काय चालू आहे. आईला पहिल्यांदा ते चौकशी केल्यासारखं वाटलं होतं, आता तिला आवडतं.

काउंटरपलीकडून (१४ जून, दुपारी ३:१०)

तुषार, ही भीती घरोघरी आहे. नेहमीच्या मात्रेत घेतलेल्या रेचकांनी आतडं कायमचं निकामी होतं ह्याला भक्कम पुरावा नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी मिळून जुनाट बद्धकोष्ठाचे उपचार ठरवले, त्यात पेगची शिफारस ठामपणे केली आहे. बिसाकोडिल आणि सोडियम पिकोसल्फेट हे थोड्या दिवसांसाठी किंवा अडल्या वेळेसाठी. मग गोळी वाढत का जाते? बऱ्याचदा मूळ कारण तसंच चालू असतं म्हणून, मावशींसारखं. आणि दुसरं, गोळीनं एकदा आतडं पूर्ण रिकामं झालं की पुढचे दोन दिवस तिथे काही नसतंच, माणूस घाबरतो आणि परत गोळी घेतो.

तिसरी चूक वेळेची, ह्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय कारण हे कुणी सांगतच नाही. बिसाकोडिलची गोळी सहा ते बारा तासांनी काम करते. लोक रात्री दहाला घेतात, बाराला काही झालं नाही म्हणून दुसरी घेतात आणि पहाटे पोटात पीळ पडून कळवळतात. शिवाय ती गरम दुधाबरोबर घेतात! त्या गोळीवर एक आवरण असतं, ते आतड्यात जाऊन विरघळायला हवं, दूध किंवा अँटासिडनं ते पोटातच विरघळतं आणि मुरडा येतो. म्हणून दूध, अँटासिड आणि ही गोळी ह्यांच्यात किमान तासाभराचं अंतर, आणि चावायची, फोडायची नाही. लॅक्टुलोज, ते पांढऱ्या बाटलीतलं गोड औषध, त्याला एक-दोन दिवस लागतात, सुरुवातीला पोट फुगतं, गॅस होतो. "एक दिवस घेतलं, काही उपयोग नाही" म्हणून अर्धी बाटली परत आणतात. इसबगोलला बारा तास ते तीन दिवस. पेगला एक ते तीन दिवस. ताबडतोब हवं असेल तर ग्लिसरीनची वडी खालून, पंधरा मिनिटं ते तासाभरात.

आणखी दोन इशारे देते. मिल्क ऑफ मॅग्नेशिया किडनीच्या पेशंटनं स्वतःच्या मनानं घेऊ नये, रक्तात मॅग्नेशियम साठतं. आणि लिक्विड पॅराफिन अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना पाजू नये, ठसका लागून ते फुप्फुसात उतरलं तर तेलाचा न्यूमोनिया होतो. झोपून असलेल्या माणसाला प्रेमानं चमचा चमचा पाजणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना हे माहीतच नसतं.

अनघा_इंदूर (१४ जून, दुपारी ४:००)

ते पांढऱ्या बाटलीतलं गोड औषध म्हणजे लॅक्टुलोज ना? माझ्या मामांना लिव्हरचं दुखणं आहे, हॉस्पिटलातून सोडताना तेच दिलंय. त्यांना बद्धकोष्ठ नव्हतंच कधी, आणि आता दिवसातून तीनदा जावं लागतं, थकतात बिचारे. आम्ही कालपासून निम्मं केलंय. पूर्ण बंद करू का?

काउंटरपलीकडून (१४ जून, दुपारी ४:०६)

अनघा, बंद करू नका!! आत्ता त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि निम्मं केलंय ते सांगा. लिव्हरच्या पेशंटला ते पोट साफ व्हायला देत नाहीत. लिव्हर खराब असलं की अमोनिया रक्तात साठतो आणि मेंदूवर परिणाम होतो, माणूस बरळतो, झोपाळतो, बेशुद्धही पडतो. लॅक्टुलोज तो अमोनिया शौचावाटे बाहेर काढतं. दिवसातून दोन-तीनदा होणं हाच त्याचा हिशोब आहे. फार पातळ होत असेल, चार-पाचच्या वर जात असेल तर डॉक्टर मात्रा बदलतील. मामा आत्ता नीट बोलताहेत ना?

अनघा_इंदूर (१४ जून, संध्या. ५:२५)

फोन केला. कालपासून दुपारी जरा जास्त झोपत होते, आम्हाला वाटलं थकवा. डॉक्टरांनी आजच दाखवायला बोलावलंय, निघतोय. हे आम्हाला डिस्चार्जच्या वेळी कुणीच सांगितलं नाही.

निखिल_औंध (१४ जून, संध्या. ७:३०)

तेच म्हणतो मी. ताई, तुम्ही चांगल्या आहात, पण बहुतेक दुकानांत काउंटरला कोण असतं? बारावी नापास पोरगा. फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये, माणूस दुसऱ्या गावाला नोकरी करतो. त्या पोराला मी वडिलांची पिशवी दाखवू?

काउंटरपलीकडून (१४ जून, रात्री ९:४०)

निखिल, खरं आहे आणि मला त्याचा संताप येतो. सर्टिफिकेट भाड्यानं देणं हा आमच्या धंद्याला लागलेला रोग आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे, कागदावर. म्हणून दुकानात शिरल्यावर सरळ विचारा, "फार्मासिस्ट कोण आहे, मला त्यांच्याशी बोलायचंय." नसेल तर ते दुकान बदला. गिऱ्हाईक विचारायला लागलं की मालकाला माणूस ठेवावाच लागेल.

इराची_आई (१५ जून, सकाळी ११:१५)

मुलांचं विचारू का इथे? इरा चार वर्षांची. चार-चार दिवस जात नाही, लागली की कोपऱ्यात जाऊन टाचा उचलून, ढुंगण आवळून उभी राहते, चेहरा लालबुंद. मधूनच चड्डीला पातळ लागतं म्हणून शाळेतून जुलाब झालेत असा फोन येतो. सासूबाई साबणाची कांडी घालतात, त्यानं होतं पण ती किंचाळते.

स्टेथो (१५ जून, दुपारी २:३०)

डॉक्टर आहे, वाचत होतो, आता लिहितो. ती जोर करत नाहीये, ती अडवतेय. कधीतरी कडक होऊन दुखलं, तेव्हापासून भीती. जे पातळ लागतंय ते जुलाब नाहीत, आत अडकलेल्या खड्याच्या कडेनं झिरपतंय. त्याला जुलाब थांबवायचं औषध देऊ नका, आणखी अडकेल. साबण आजपासून बंद, आतली त्वचा भाजते आणि भीती दुप्पट होते. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, साधारणपणे आधी पेगनं साठलेलं काढतात आणि मग काही महिने चालू ठेवतात. महिने, दिवस नाही. पालक आठवड्यात बंद करतात आणि मूळपदावर येतात. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा, पायाखाली पाट, रागवायचं नाही. दूध किती पिते?

इराची_आई (१५ जून, दुपारी २:४४)

जेवत नाही म्हणून बाटलीनं तीन-चार वेळा 😔

स्टेथो (१५ जून, दुपारी ३:००)

मग ते निम्म्यावर आणा, भूक लागेल. पाटाचं मोठ्यांनाही सांगतो. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसलं की गुदाशयाभोवतीचा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. गुडघे गेले म्हणून कमोड बसवला की बऱ्याच आजोबांची तक्रार सुरू होते. पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर, थोडं पुढे वाका.

आणि ताईंच्या यादीत मी आणखी भर घालतो. दुखण्यावरची ट्रामाडोल, कोडीनचं खोकल्याचं औषध, लघवी धरत नाही म्हणून दिलेल्या गोळ्या, सर्दीची क्लोरफेनिरामिन, कंपवाताची काही औषधं, आणि सध्याची वजन कमी करायची सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं. औषधांखेरीज थायरॉइड आणि मधुमेह. काही लोकांचा तर स्नायूच उलटा वागतो, ढकलताना सैल पडायच्या ऐवजी आवळतो, त्यांना कितीही रेचकं दिली तरी उपयोग नाही, तो स्नायू शिकवायची वेगळी ट्रेनिंग असते.

आणि हे पाठ करा. शौचातून रक्त, वजन कमी होणं, रक्त कमी असणं, पन्नाशीनंतर नव्यानंच सवय बदलणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, ह्यातलं काहीही असेल तर मेडिकलमध्ये जाऊ नका, डॉक्टरकडे जा. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, तर त्याच तासाला हॉस्पिटल.

खादाड_भाऊ (१५ जून, संध्या. ६:१०)

खाण्याचं कुणी बोलणार की नाही? ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची पातळ भाजी, मटकीची उसळ आणि दुपारी एक पेरू बियांसकट. मी गावी गेलो की तिसऱ्या दिवशी पोट घड्याळासारखं चालतं, पुण्यात परत आलो की पाव-बिस्किटं-मैदा आणि बंद.

काउंटरपलीकडून (१५ जून, रात्री १०:००)

खादाड_भाऊ बरोबर. फक्त एकदम वाढवू नका, पोट फुगतं. आठवडाभर थोडं थोडं वाढवा आणि पाणीही त्याबरोबर वाढवा. ज्याच्या आत आधीच खडा अडकलाय त्याला कोंडा-इसबगोल देऊन उलट चोंदतं, त्याचं आधी मोकळं करायला हवं.

मावशींचा निरोप आज आला. डॉक्टरांनी कागद वाचला, बीपीची गोळी बदलली, रात्रीची गोळी कमी केली. पातळ अँटासिड मावशींनी स्वतःच सोडलं. बिसाकोडिल आता आठवड्यातून एखादी. दुकानात येऊन सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं त्यांनी, मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती.

अनघा_इंदूर (१८ जून, सकाळी ९:३०)

मामा घरी आले. मात्रा ठरवून दिलीय, आता मी वहीत किती वेळा झालं ते लिहिते. ताई, काय बोलू.

सह्यकडा (६ जुलै, रात्री ११:४५)

धागा वर काढतोय. त्या दिवशी "ठणठणीत" लिहून मोकळा झालो होतो. मग इथलं सगळं वाचून दादांची पिशवी घेतली आणि आमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये गेलो, निखिलसाठी सांगतो, फार्मासिस्ट होती, शिकलेली मुलगी, अर्धा तास बसली. सर्दीची पिवळी गोळी दादा दोन वर्षं रोज रात्री घेत होते, झोप चांगली लागते म्हणून. इसबगोल अर्ध्या कपात कालवून, त्याच्याच बरोबर बाकीच्या सगळ्या गोळ्या. हे सगळं ठीक होतं, पण तिनं शेवटी विचारलं, काका, रक्त वगैरे? आणि दादा गप्प बसले. मी तिथेच उभा होतो. मग म्हणाले, चार महिने झाले, मूळव्याध असेल म्हणून बोललो नाही. चार महिने एका घरात राहतोय आम्ही.

हिमोग्लोबिन ९.२ आलं. मंगळवारी कोलोनोस्कोपी आहे, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी. आदल्या दिवशी प्यायची पावडर दिलीय. इसबगोल चालू ठेवू का तोपर्यंत?

काउंटरपलीकडून (७ जुलै, सकाळी ६:२०)

नाही, इसबगोल आजपासून बंद, आतडं स्वच्छ दिसायला हवं. हिमोग्लोबिन कमी आलंय तर कुणी लोहाची गोळी सुरू केली असेल, तीही तपासणीच्या काही दिवस आधी थांबवतात, मळ काळा होतो आणि नीट दिसत नाही. आज सकाळीच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. रक्त पातळ करायची गोळी, साखरेची गोळी चालू असेल तर तेही आजच विचारा, मनानं थांबवू नका. मधले दिवस बिया, साली, कोशिंबीर नको, मऊभात-वरण चालेल, आदल्या दिवशी काय चालेल ते ते सांगतील. पावडर सांगितल्या वेळेला, सांगितली तशीच, दोन भागात दिली असेल तर दुसरा भाग पहाटे उठून प्यायचा, कंटाळा करायचा नाही. थंड केली की जाते पोटात. त्या रात्री संडासाचा दिवा चालू ठेवा आणि तुम्ही दादांच्याच खोलीत झोपा, या वयात चक्कर येऊन पडायला नको.

रक्ताचं कारण मूळव्याधही असू शकतं. बघितल्याशिवाय कळणार नाही आणि तुम्ही बघायला निघालाय. मंगळवारी दुकान उघडं आहे, काही अडलं तर इथे लिहा, मी फोन हातातच ठेवते.

सह्यकडा (७ जुलै, सकाळी ६:५०)

लोहाची गोळी कालच सुरू केली होती. नऊ वाजता दवाखान्यात फोन लावतो.